सारखी लक्षणे, निराळे रोग

खोकला, ताप, छातीतील वेदना आणि धाप एवढ्यावरून शहाणा डॉक्टर रोगाचे नाव सांगत नाही. न्यूमोनिया आणि क्षय हे दोन्ही रोग फुप्फुसांना जडतात व त्यांची लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. न्यूमोनिया बहुधा एकाएकी येतो. क्षय मात्र कित्येक आठवडे चोरपावलांनी रोग्याची शक्ती हिरावून घेतो. परंतु हा भेद दर वेळी स्पष्ट दिसतोच असे नाही. आणि निदान चुकले की उपचारही चुकतो. पेनिसिलीनने न्यूमोनियाचे अनेक रोगी बरे होतात. क्षयाच्या जंतूंवर त्याचा इलाज चालत नाही. क्षयाला न्यूमोनिया समजले, तर रोग्याचे मोलाचे दिवस वाया जातात आणि त्याच्या खोकल्यातून घरातील इतरांनाही रोगाची बाधा होऊ शकते.

पूर्वी डॉक्टर रोग्याच्या छातीला कान लावून आतील आवाज ऐकत. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची सुरळी केली, तिचे एक टोक रोग्याच्या छातीवर ठेवले व दुसऱ्याला कान लावला. आवाज अधिक स्पष्ट ऐकू आला. त्यातूनच स्टेथॉस्कोप निर्माण झाला. परंतु त्या काळी क्षयावर औषध नव्हते. खुद्द लेनेक १८२६ साली क्षयानेच मरण पावले. पुढे १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले आणि कानाला डोळ्याची साथ मिळाली. तरीही क्ष-किरणांचे चित्र रोगाची जागा दाखविते. रोग कोणत्या जंतूचा, हे ते खात्रीने सांगू शकत नाही.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे त्यांनी तो शोध जाहीर केला. या जंतूला मेणचट आवरण असते. खोकल्याबरोबर छातीतून आलेला बेडका काचपट्टीवर पसरून त्याला तांबडा रंग देतात व मग तो आम्लाने धुतात. बहुतेक जंतूंचा रंग निघून जातो. क्षयाचा जंतू मात्र तो सोडीत नाही. मग निळा रंग दिला, की सूक्ष्मदर्शकातून निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या बारीक काड्या दिसतात. हीच त्याची ओळख!

बेडक्यात जंतू थोडे असले, तर ते नजरेतून निसटतात. अशा वेळी ते प्रयोगशाळेत वाढवावे लागतात व त्याला कित्येक आठवडे लागतात. आता जंतूचा आनुवंशिक अंश ओळखणाऱ्या यंत्राने सुमारे दोन तासांत निदान होऊ शकते.

साधने बदलली, तरी नियम तोच राहिला : तर्क करावा, पण पुराव्यावाचून निर्णय देऊ नये. म्हणूनच दोन आठवडे खोकला राहिल्यास तो साधा समजू नये. बेडका तपासून घ्यावा.

स्वाध्याय

१. क्षयाला न्यूमोनिया समजल्यास कोणते अनर्थ घडतात?
२. क्षयाचा जंतू रंगावरून कसा ओळखतात?
३. ‘कानाला डोळ्याची साथ मिळाली’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.