शेजाऱ्याशी भांडण, परक्याची मदत

शास्त्रभाग : २ राजे १६:५-९, २ इतिहास २८:१६-२१, याकोब ४:१-३

युद्ध म्हटले की आपल्यापुढे दूरदेशीची रणभूमी उभी राहते. परंतु गोव्यातील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांचा इतिहास पाहिला, तर युद्धाचे प्रकार व त्यांची कारणे आपल्याला जवळच आढळतात.

पहिला प्रकार मुलूख जिंकण्याचा. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडण्यातील हळर्ण किल्ला घेतला. पुढे त्याला त्याच गावाच्या नावाचा किताब मिळाला. १७८१ साली डिचोलीही पोर्तुगिजांकडे गेली. येथे लोभ व मानाची हाव ही कारणे उघड दिसतात.

दुसरा प्रकार शेजाऱ्याविरुद्ध परक्याला बोलावण्याचा. सावंतवाडी व कोल्हापूर ही दोन्ही मराठी राज्ये आपसांत झगडत होती. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून खेम सावंतांनी १७८८ साली पेडणे पोर्तुगिजांना दिले. भांडण दोन दरबारांचे. पण पेडण्याचे गावकरी पुढे १७३ वर्षे परसत्तेखाली राहिले.

यहूदाचा राजा आहाज याने हेच केले. अराम व इस्राएल चालून आले तेव्हा त्याने मंदिरातील सोनेरुपे अश्शूरच्या राजाला पाठवून मदत मागितली. ती मिळालीही, पण अश्शूर पुढे यहूदाच्याच छातीवर बसला.

तिसरा प्रकार मुक्तीच्या लढ्याचा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. पंजाबचे कर्नेलसिंग तेथे हुतात्मा झाले. पोर्तुगाल गोवा सोडण्यास तयार नव्हता. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना आत आली. अखेरपर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो न मानता १९ डिसेंबरला शरणागती पत्करली व पुष्कळ जीव वाचविले. त्याबद्दल मायदेशी त्यांना सेनेतून काढून टाकण्यात आले. मुक्तीबद्दल आपण देवाचे आभार मानतो. तरी दोन्हीकडच्या मृतांना विसरत नाही.

अमेरिकन अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९ साली युद्धाची कारणे तीन ठिकाणी दाखविली : मनुष्याच्या स्वभावात, राज्याच्या घडणीत, आणि राज्यांवर न्याय करणारी सत्ता नसण्यात. याकोब पहिल्या ठिकाणी, अंतःकरणातील वासनांकडे, बोट दाखवितो. परंतु बाकीची दोनही खरी आहेत. आहाजाचे भय खोटे नव्हते. खेम सावंतांनाही दाद मागायला न्यायासन नव्हते. म्हणून मन पालटण्याचा उपदेश करीत असताना राष्ट्राराष्ट्रांत न्यायाची व्यवस्था व्हावी यासाठीही ख्रिस्ती माणसाने झटले पाहिजे.

आणि आपल्या मंडळ्यांचे काय? दोन गट पडले की आपणही बाहेरचा बलवान शोधतो. भांडण आपले असते, आणि किंमत मात्र पुढची पिढी भरते.

विचारासाठी प्रश्न
१. आहाजापुढे दुसरा कोणता मार्ग होता? (यशया ७:१-९ वाचा.)
२. वरिष्ठांचा हुकूम केव्हा मोडावा? (प्रेषितांची कृत्ये ५:२९)
३. आपल्या मंडळीतील कोणता तंटा आपण आपसांत मिटवू शकतो? (१ करिंथ ६:१-७)