भयपटांतील भीती व त्यांतील निराधार माणसे

भीती ही मनुष्याची उपजत वृत्ती होय. पाळण्यातील मूलही मोठ्या आवाजाने दचकते. त्यास ते कोणी शिकविलेले नसते. एकाएकी कर्कश आवाज कानी पडला, की मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग बुद्धीची संमती न घेताच शरीरास इशारा देतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथी आपला रस रक्तात सोडितात, छाती धडधडू लागते, तळहातांस घाम सुटतो आणि पाय पळावयास सिद्ध होतात. ‘हे खरे की खोटे?’ हा प्रश्न बुद्धी त्यानंतर विचारते. भयपट काढणारांचा सारा व्यापार या मधल्या क्षणावर चालतो. पडद्यावरील भूत खोटे आहे हे ठाऊक असूनही आपली छाती मात्र खरोखरच धडधडते, त्याचे कारण हेच. यास्तव चित्रपट पाहून भ्यालेल्या मुलास भित्रा म्हणून हिणविणे अन्यायाचे आहे. ती भीती कोणत्या साधनांनी निर्माण केली जाते, आणि ती आपल्या मनास कोणीकडे नेते, हे समजून घेणे हाच या पाठाचा हेतू आहे.

प्रेक्षकांस भिवविण्याची कला आपल्या भागास नवी नाही. सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले, हे आपण इतिहासात वाचतो. त्यांच्या परंपरेतील नाटकांत राक्षसाचा प्रवेश हे मोठे आकर्षण असे. केस मोकळे सोडलेला, तोंड रंगविलेला राक्षस आरोळ्या ठोकीत रंगभूमीवर येई व पलित्यावर राळ उधळून मोठा भडका केला जाई. अशा नाटकांस लोक ‘अललडुर्र’ नाटके म्हणू लागले, ते या आरडाओरडीवरूनच. अंधार, अवचित उजेड, मोठा आवाज आणि विद्रूप मुख ही चार साधने त्या काळीही होती. आजच्या भयपटांतही तीच आहेत. केवळ राळेच्या जागी विजेचे दिवे व संगणकाने घडविलेली चित्रे आली आहेत. परंतु अशी भीती फार वेळ टिकत नाही. राक्षस एकदा पुरता दिसला, की प्रेक्षक त्याच्या दाढीमिशांचा रंग न्याहाळू लागतो.

दुसऱ्या प्रकारची भीती याहून सूक्ष्म आहे. ती न दिसणाऱ्या गोष्टीची असते. दचकणे आणि धास्ती यांतील भेद आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात दिग्दर्शकाने एका साध्या उदाहरणाने समजावून दिला आहे. मेजाखाली बॉम्ब असून तो एकाएकी उडाला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकेल. परंतु बॉम्ब आहे हे प्रेक्षकास आधी दाखविले आणि मेजाभोवतीची माणसे ते न जाणता गप्पा मारीत बसली, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून बसेल. १९४२ साली अमेरिकेत निघालेल्या ‘कॅट पीपल’ या चित्रपटात पैसा थोडा होता, म्हणून श्वापद बहुतेक दाखविलेच नाही. रात्रीच्या रस्त्याने एक स्त्री एकटी चालली आहे, मागून पावले वाजत आहेत, आणि ती पावले वाजावयाची थांबतात. तेथेच प्रेक्षकाच्या अंगावर काटा उभा राहतो. पडद्यावर जे रिकामे ठेविले, ते प्रेक्षकाचे मनच भरून काढिते; आणि आपल्या मनातील चित्राइतके भयंकर चित्र कोणताही चितारी काढू शकत नाही.

आता आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट २०१७ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२१ साली तो ‘छोरी’ या नावाने हिंदीतही आला. त्यातील नेहा ही गरोदर तरुणी पतीसह शहर सोडून उसाच्या फडांनी वेढलेल्या एका एकाकी घरात येते. कृष्णाकाठच्या मुलांस ऊस म्हणजे काय हे सांगावयास नको. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. तो डोक्यापेक्षा कितीतरी उंच वाढला, की आत शिरलेल्या माणसास चार हातांपलीकडचे दिसत नाही. पात सळसळते, पण ती वाऱ्याने की कोणाच्या चालण्याने, हे कळत नाही. आपल्या भागात उसात बिबट्या दडून बसल्याच्या वार्ता खोट्या नसतात. म्हणून दिग्दर्शकाने पडकी गढी वा स्मशान न घेता, भर दुपारी हिरवागार दिसणारा आपला रोजचा फड घेतला. ओळखीची वस्तू अनोळखी करून दाखविणे, हे भयाचे सर्वांत बळकट साधन होय.

येथे एक प्रश्न उत्पन्न होतो. अशा चित्रपटांत संकटात सापडलेले पात्र बहुधा लहान मूल, गरोदर स्त्री, म्हातारे माणूस किंवा परगावाहून आलेला एकटा जीवच का असते? सांगलीच्या तालमीतला पैलवान त्या घरात जाऊन राहिला असता, तर आपणांस तितकी काळजी वाटली नसती. ज्याला पळता येत नाही, ज्याच्या बोलण्यावर घरचे विश्वास ठेवीत नाहीत, ज्याच्या हाकेला ओ देणारा जवळ नाही, त्याच्याविषयी आपला जीव थोडा थोडा होतो. म्हणजे भयपटातील भीतीच्या मुळाशी कणव असते. या कणवेचा उपयोग मात्र दोन रीतींनी करिता येतो. वाघाच्या शिकारीत मचाणाखाली बोकड बांधीत. शिकाऱ्यास बोकडाचे काही नसे, त्याला हवा असे वाघ. हलके भयपट दुबळ्या माणसास असेच बांधून ठेवितात. त्याने किंचाळावे, धावावे व मरावे, एवढेच त्याचे काम. चांगला भयपट त्याला नाव देतो, मन देतो, आणि त्याच्यावर हे संकट कोणी आणिले हे विचारावयास लावितो.

‘लपाछपी’ने हे केले आहे. घरात वावरणाऱ्या मुलांस व स्त्रीच्या छायेस नेहा भिते, आणि तिजबरोबर आपणही भितो. परंतु त्या स्त्रीची हकीकत उलगडू लागते, तशी तिच्याविषयीची भीती ओसरून तेथे दया येते. खरी भयंकर वस्तू निराळीच निघते. त्या घरात जन्मास आलेल्या मुलींचे प्राण घरच्याच माणसांनी घेतलेले असतात, आणि प्रेमाने ताट वाढणारी तुळसाबाईच त्या पापाची वाटेकरी असते.

ही कथा कल्पित आहे. पण जिच्यातून ती उगवली ती जमीन कल्पित नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात तिसरी-चौथी मुलगी झाली, की तिचे नाव ‘नकुशी’ वा ‘नकोशी’ ठेवण्याची चाल होती. २०११ सालच्या ऑक्टोबरात सातारा येथे जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा २८५ मुलींस नवी नावे दिली. त्याच वर्षीच्या खानेसुमारीत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलग्यांमागे मुली नऊशेहूनही कमी भरल्या. गर्भातील मुलीचा शोध घेण्यास बंदी करणारा कायदा आपल्या राज्याने १९८८ साली केला व देशाने १९९४ साली केला. त्यानंतरची ही गणती आहे. वर्गात हजेरी घेताना ‘नकुशी’ अशी हाक ऐकून ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलीस रोज काय वाटत असेल, याचा विचार करावा. त्या एका शब्दापुढे पडद्यावरील सारी भुते फिकी पडतात.

दुसरी सावधगिरी अशी. काही चित्रपटांत निराधार माणसासच राक्षस करून दाखविले जाते. मुख विद्रूप झालेला रोगी, कुबड आलेली म्हातारी, एकटी राहणारी विधवा, वेड लागलेला इसम यांस पाहताच संगीत बदलते, आणि आपण काही न विचारता त्यांस दुष्ट ठरवितो. याचा परिणाम चित्रपटगृहापुरता राहत नाही. गावात एखाद्या वृद्धेस चेटकीण म्हणून तिला छळणारे लोक असेच शिकलेले असतात. साताऱ्यात जन्मलेले डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांनी अशा समजुतींविरुद्ध आयुष्यभर काम केले. २०१३ सालच्या ऑगस्टात पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोण्याच्या अमानुष प्रथांविरुद्ध कायदा केला. शुभवर्तमानात आपण वाचतो की, लोक ज्यांच्यापासून दूर पळत, त्या कुष्ठरोग्यास प्रभूने हात लावून बरे केले. ज्याला पाहून भ्यावे असे सर्वजण म्हणतात, त्याच्या जवळ जाऊन पाहणे, हाच ख्रिस्ती धैर्याचा पहिला धडा होय.

विद्यार्थ्यांनो, यापुढे भयपट पाहाल तेव्हा मनाशी चार प्रश्न विचारा. मी भ्यालो तो आवाजाने, की गोष्टीने? मला काय दाखविले नाही? संकटात सापडलेल्या पात्रास मन आहे, की ते नुसते बांधलेले बोकड आहे? आणि ज्यास राक्षस म्हटले, त्याचा खरा अपराध कोणता? पालकांसही विनंती आहे. लहान मुलांस असे चित्रपट रात्री एकट्याने पाहू देऊ नयेत, आणि निजत नाही म्हणून बागुलबुवा दाखवून भिववूही नये. मूल भ्याले तर हसू नये. त्यास जवळ बसवून काय दिसले ते सांगू द्यावे. भीती बोलून दाखविली, म्हणजे तिचा जोर अर्धा होतो.

गालील समुद्रावर रात्रीच्या वादळात शिष्यांनी पाण्यावरून कोणी येत आहे असे पाहिले आणि भूत समजून ओरड केली. तो येणारा त्यांचा तारणारा होता. अंधारात आपले डोळे असेच फसतात. म्हणून पडद्यावर असो वा गावात असो, कोणासही भूत म्हणण्यापूर्वी त्याची हाक नीट ऐकावी. पुष्कळदा ती मदतीची हाक असते.