झेंड्याआडची गुलामगिरी

नाशिकच्या शरणपूर रोडवरून आम्ही कॅडेट रविवारी आउटपासवर कितीतरी वेळा गेलो आहोत. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. पण शरण कोण आलं होतं, हे इतिहासाच्या सरांनी वर्गात विचारलं तेव्हा एकाचाही हात वर गेला नाही.

ती आफ्रिकेतून आलेली मुलं होती. एकोणिसाव्या शतकात झांजिबारच्या बाजारात माणसं विकली जात आणि गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे नेली जात. ब्रिटिश आरमार अशी गलबतं पकडून मुंबईत आणी. सुटलेल्यांपैकी काही मुलांना चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीत पाठवत. तिथे ती लिहा-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकत.

मला सर्वांत रस वाटला तो गस्तीच्या कामात. मित्रांनो, समजा तुम्ही गस्तीच्या जहाजावर अधिकारी आहात. समोर संशयित गलबत आहे आणि त्यावर फ्रेंच झेंडा आहे. तुम्ही काय कराल? काहीच करता येणार नाही! शांततेच्या काळात दुसऱ्या देशाच्या जहाजाची झडती घ्यायला त्या देशाशी तह लागतो. पोर्तुगालने १८४२ मध्ये इंग्लंडशी तसा तह केला. फ्रान्स मात्र हिंदी महासागरात झडतीचा हक्क द्यायला तयार नव्हता. गुलामगिरी फ्रान्सनेही १८४८ मध्ये बंद केली होती, पण झडतीला होकार म्हणजे समुद्रावर इंग्रजांची मालकी कबूल करणं, असं त्यांना वाटे. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी हे बरोबर ओळखलं. ओमानकडची गलबतं फ्रेंच कागदपत्रं मिळवून फ्रेंच झेंडा लावू लागली. हा वाद १९०५ मध्ये हेगच्या लवाद न्यायालयापर्यंत गेला.

याहून धक्कादायक सौदा १८६०-६१ चा. फ्रान्सच्या रीयुनियन बेटावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. फ्रेंच लोक आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम विकत घेत, कागदावर त्यांना मोकळं करत आणि लगेच कराराने बांधून टाकत. इंग्लंडने हे थांबवायला सांगितलं. बदल्यात फ्रान्सला हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेण्याची परवानगी दिली. म्हणजे एकाच्या सुटकेची किंमत दुसऱ्याने भरली, आणि तो दुसरा आपला होता. शिवाय इंग्लंडच्या १८३३ च्या गुलामगिरीबंदी कायद्यातून कंपनीचा हिंदुस्थान वगळलेला होता. इथे कायदा यायला १८४३ उजाडलं.

सुट्टीत सेक्टर ६ मधल्या आमच्या घरी मी हा लेख लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘इंग्रजांचा सगळा प्रकार ढोंग होता.’ आजोबांनी चष्मा लावून वाचलं. त्यांनी भिलाई स्टील प्लांटमध्ये पस्तीस वर्षं काढली. म्हणाले, “रशियाने १९५५ मध्ये इथे प्लांटचा करार का केला? आपल्यावरच्या प्रेमापोटी? राउरकेला जर्मनांनी घेतलं, दुर्गापूर इंग्रजांनी. चढाओढच होती ती. मग मी पगार घ्यायला नको होता का रे?”

मी ते वाक्य खोडलं. तरी माझं त्यांच्याशी पूर्ण पटलेलं नाही. रीयुनियनला गेलेल्या मजुरांचं काय, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पण गलबताच्या तळाशी बसलेल्या मुलाच्या जागी मी असतो, तर वरचं झाकण उघडणाऱ्याचा हेतू विचारला नसता, एवढं नक्की.

अशाच एका मुलाचं नाव जेकब वेनराइट. त्याचं शिक्षण नाशिकला झालं. १८७२ मध्ये तो डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेला. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन वारले तेव्हा जेकबने प्रार्थना वाचली. सोबत्यांनी त्यांचा देह दीड हजार किलोमीटरहून जास्त चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणला. पुढे लंडनपर्यंत गेला जेकब. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

दरम्यान ५ जून १८७३ रोजी झांजिबारच्या सुलतानाने, ब्रिटिश नाकेबंदीच्या धमकीपुढे, गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. त्यासाठी बोलणी करायला गेलेले सर बार्टल फ्रिअर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. मोंबासाजवळ मग फ्रिअरटाउन वसलं आणि शरणपूरचे बरेच लोक तिकडे राहायला गेले. आफ्रिकेत जन्मलेल्या या माणसांना तिथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.