पाणी जाळ्यात कसं अडकतं?

प्रश्न : माझी मुलगी शिरपूरला फार्मसी शिकते. ती म्हणते, काही छोटे पेप्टाइड रेणू पाण्यात आपोआप जुळतात आणि पाण्याचं जेल होतं. कुणी जोडत नसताना ते रांगेत कसे लागतात?
— एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)

उत्तर : म्हैस व्याली की चिकाचा खरवस होतोच. वाफवल्यावर सुरीने वड्या पडतात, तरी वडीत बरंचसं पाणीच असतं. उष्णतेने चिकातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी कोंडलं जातं. पेप्टाइडचं जेलही असंच जाळं, पण फार छोट्या रेणूंचं. प्रथिनात शेकडो अमिनो आम्लं असतात, इथे कधी कधी दोनच पुरतात. काही जेलमध्ये वजनाने शंभरात एक भागही पेप्टाइड नसतं, बाकी सारं पाणी.

आता ‘आपोआप’चं. आपोआप म्हणजे विनाकारण नव्हे. अशा पेप्टाइडचा काही भाग तेलकट असतो. त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंना शिस्तीत जखडून राहावं लागतं. तेलकट भाग एकमेकांना चिकटले की ते पाणी मोकळं होतं. म्हणजे पेप्टाइडची रांग लागते ती पाण्याला मोकळीक मिळते म्हणून! मला यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. पुढे हायड्रोजन बंध रेणूंना एकाच दिशेने जोडत नेतात, त्यामुळे गोळा न होता लांब तंतू होतो. तंतूंच्या गुंत्यातून जाळं.

2003 मध्ये तेल अवीवच्या मेताल रेचेस आणि एहुद गाझित यांनी फिनाइलअलानिनच्या केवळ जोडीपासून नॅनोनळ्या बनताना दाखवल्या. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा कोणता तुकडा चिकटतो, या शोधातून ते इथवर आले होते.

जेल झालं म्हणजे नवं रसायन तयार झालं, असा समज असतो. तसं नाही. पेप्टाइड तेच राहतं, बंध तेवढे कच्चे असतात. खरवस पुन्हा चीक होत नाही, पण या कच्च्या बंधांमुळे अशी बरीच जेलं सुईतून दाबली की वाहतात आणि पलीकडे पुन्हा घट्ट होतात. प्रत्येक पेप्टाइड मात्र जुळत नाही. एक अमिनो आम्ल बदललं तरी नुसतं द्रावण उरू शकतं.

मुलीला लॅनरिओटाइडबद्दल विचारा. आठ अमिनो आम्लांचं हे औषध पाण्यात स्वतःच्याच नॅनोनळ्या बनवतं. वाढीचं संप्रेरक जास्त झालेल्या रुग्णाला ते त्वचेखाली खोलवर टोचतात. तिथून ते हळूहळू सुटत राहतं, म्हणून पुढचं इंजेक्शन साधारण 28 दिवसांनी लागतं.