तिसऱ्यांचा साठा कसा मोजतात?

व्यापारी बंधूंनो, जकातीच्या हिशेबासाठी आपण वर्षातून एकदा दुकानातील माल मोजतो. आम्हा कापडवाल्यांना ते सोपे. ठाण मांडणीवर असते, मीटर लावला की आकडा हाती येतो. पण खाडीच्या तळाशी चिखलात गाडलेल्या तिसऱ्या कशा मोजायच्या? रत्नागिरीच्या राजिवडा, कर्ला या वस्त्यांतील आपली कितीतरी कुटुंबे मच्छीवर रोजी कमावतात. तेव्हा क्रांती चौकात बसूनही हा विषय समजून घेणे फिजूल नाही.

सारा तळ कोणी उपसत नाही. खाडीच्या पट्ट्यावर ठराविक अंतराने रेघा ठरवतात. रेघेवर जागोजागी एकाच मापाची चौकट ठेवून तिच्यातील सर्व शिंपल्या काढतात, चाळतात, प्रत्येकीची लांबी मापतात व वजन करतात. समजा, चौकट अर्धा मीटर लांब-रुंद आहे. अशा १० चौकटींत ५० तिसऱ्या निघाल्या, तर अडीच चौरस मीटरला ५०, म्हणजे चौरस मीटरला २० झाल्या. एक हेक्टरचा पट्टा असेल तर साठा २ लाखांचा. मात्र चौकट जिथे माल भरपूर दिसतो तिथेच ठेवली तर हिशेब खोटा ठरतो. गाठीतील वरचे ठाण पाहून सौदा करणाऱ्याचे जे होते, तेच इथे होते. शिवाय नुसत्या संख्येवर भुलू नये. दोन लाखांतील बहुतेक नखाएवढ्या असतील तर ते भांडवल आहे, नफा नव्हे.

या मोजणीचा उपयोग पाहायचा तर केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराकडे पाहावे. तिथे १९९१ मध्ये सुमारे १०,००० टन शिंपल्या निघाल्या. १९९३ पर्यंत उत्पन्न निम्म्यावर आले. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने अभ्यास केला आणि मच्छीमारांच्या संमतीने नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा पैदाशीचा काळ, म्हणून काढणी बंद. जाळीचे भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. आणि निर्यातीच्या मांसात किलोला १,४०० पेक्षा जास्त नग भरता कामा नयेत. मला हा तिसरा नियम सर्वांत पक्का वाटतो. बारीक माल घ्यायला गिऱ्हाईकच नसेल तर तो काढील कोण? उत्पन्न सावरले. २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. भारतात ते पहिलेच.

पण पुढे पुन्हा घसरण झाली. २०२४ पर्यंत उत्पन्न हजार टनांच्याही खाली गेले. या वेळी कारणे निराळी निघाली: बदललेले वातावरण, प्रदूषण आणि बाहेरून येऊन फैलावलेली एक परकी शिंपली. अशा दुखण्यावर काढणीचे नियम पुरे पडत नाहीत. म्हणून त्या वर्षाच्या सुरुवातीस संस्थेने सरोवरात ३० लाख बी-शिंपल्या सोडल्या. दरसालची मोजणी हाती नसती तर सारा दोष मच्छीमारांच्याच माथी आला असता.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला आहे. तिसऱ्या खरेदी करणाऱ्या बंधूंना सरकारी मोजणीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक ढिगातून किलोभर माल न निवडता उचलावा, नग मोजावेत, आणि तारीख व खाडीचे नाव टाकून वहीत आकडा लिहावा. किलोमागे नग दरसाल वाढू लागले, तर खाडीत मोठा माल संपत चालला असे समजावे व त्या खाडीवर आगाऊ रक्कम देताना हात आखडता घ्यावा.