ठराव, कायदा आणि हक्क

हे तीन शब्द पुष्कळ जण एकाच अर्थाने योजितात. त्यांतील अंतर समजण्यास धरमतरहून फार दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील महाडचा इतिहास पुरे आहे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणिला. सार्वजनिक पाणवठे, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, अशी त्यांत शिफारस होती. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, परंतु कागदावर! ठराव मोडणारास शिक्षा नव्हती. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस अनुयायांसह तळ्यावर जावे लागले, आणि त्या लोकांस मारही खावा लागला.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या २९ व्या कलमान्वये सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेस केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणाने कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही. हा मूलभूत हक्क होय. तो डावलला गेल्यास थेट उच्च न्यायालयात दाद मागता येते.

मिशन शाळांतील मुलांच्या पालकांनी २८ वे कलमही पाहावे. सरकारमान्य शाळेत अज्ञान मुलास धर्मशिक्षणास बसविण्यापूर्वी पालकाची संमती लागते. येथे 'अज्ञान' म्हणजे अडाणी नव्हे, अठरा वर्षांखालील. तेव्हा आमच्या हुशार विद्यार्थ्यांनी रागावू नये.