घटक ४ : अंतर, कालावधी आणि वेळ – मुंबई–लंडन विमानप्रवासाची भाषा

४.१ प्रास्ताविक

'लंडन मुंबईपासून किती लांब आहे?' या प्रश्नाला 'सात हजार किलोमीटर' आणि 'नऊ-दहा तास' ही दोन्ही उत्तरे मराठीत चालतात, कारण 'अंतर' हा शब्द स्थळ व काळ या दोहोंना लागू पडतो. बोलण्यात ही मुभा सोयीची असते. परंतु निरोप, पत्र वा बातमी लिहिताना तिने घोटाळा होतो. म्हणून या घटकात आपण तीन प्रकारच्या विधानांतील भेद पाहू.

४.२ विषय-विवेचन

(अ) अंतर : पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजल्यास या दोन शहरांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ते दोन्ही दिशांनी सारखेच असते. म्हणून 'मुंबई व लंडन यांच्यातील अंतर' ही दिशानिरपेक्ष रचना येथे पुरेशी ठरते.

(आ) कालावधी : उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे जाताना साधारण दहा तास लागतात, तर येताना सुमारे नऊ. येथे दिशा सांगावीच लागते. 'मुंबईहून लंडनला' या रचनेतील 'हून' आणि 'ला' हे प्रत्यय ते काम करतात.

(इ) घड्याळातील वेळ : भारताची प्रमाणवेळ हिवाळ्यात लंडनच्या साडेपाच तास पुढे असते. उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो. समजा, डिसेंबरमध्ये विमान लंडनहून रात्री ९.३० वाजता निघाले आणि नऊ तासांनी मुंबईत उतरले. लंडनमध्ये तेव्हा सकाळचे ६.३० वाजलेले असतील, तर मुंबईत दुपारचे १२. मुलीने 'साडेसहाला पोहोचते' एवढेच कळवले, तर तिला आणायला साताऱ्याहून मध्यरात्रीच निघालेल्या वडिलांना साडेपाच तास ताटकळावे लागेल. 'मुंबईच्या वेळेनुसार' हे दोन शब्द असते, तर तो त्रास टळला असता.

(ई) वार : आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तिकिटावर तो मध्यरात्री बदलतो. तिकिटावरील 'मंगळवार, ०१.३०' ही वेळ आपण सहज 'सोमवारी रात्री दीड' अशी सांगतो. याउलट तिकिटातील 'मंगळवार' वाचून जो मंगळवारी रात्री विमानतळावर जाईल, त्याचे विमान जवळजवळ एक दिवस आधीच गेलेले असेल. अशा वेळी 'सोमवार उलटून मंगळवार लागल्यावर, रात्री दीड वाजता' असे स्पष्ट लिहावे.

४.३ सारांश

अंतराला दोन स्थळे पुरतात. कालावधीला दिशा लागते. घड्याळातील वेळेला स्थळ आणि वार दोन्ही लागतात. निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांची थेट वजाबाकी म्हणजे कालावधी नव्हे. भाषेतील नेमकेपणा हा केवळ व्याकरणाचा अलंकार नसून वाट पाहणाऱ्या माणसाविषयीची जबाबदारी आहे, हे ध्यानात ठेवावे.

४.४ स्वाध्याय

१. जानेवारीत मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान दहा तासांनी लंडनला उतरले. तेथील घड्याळात किती वाजले असतील?
(उत्तर : सायंकाळचे ६.३०)

२. हाच प्रवास घरच्यांना कळवणारा तीन वाक्यांचा निरोप लिहा. त्यात अंतर, कालावधी व वेळ यांची विधाने स्वतंत्र ठेवा.